इंडिकेटरवरची गावे

अंधेरी पश्चिमच्या मेट्रो स्थानकात उभ्या असलेल्या गाडीवर ‘गुंदवली’ असे नाव झळकत असते. गुंदवली आहे अंधेरीतच, पण पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून. म्हणजे गाडी अंधेरीहून सुटते आणि अंधेरीलाच पोहोचते. मधल्या वेळात ती गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली करत पार दहिसरला जाते, तिथे रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला येते आणि पुन्हा बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगावच्या पूर्व बाजूने खाली उतरते.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दिशा’ आहे, असे संपादकांनी कळवले, तेव्हा ही गाडी लगेच आठवली. पूर्वेला असलेल्या गावाची पाटी लावून उत्तरेला निघणारी गाडी. मग ठरवले, की मुंबईच्या लोकल आणि मेट्रोच्या पाट्याच पाहत फिरायचे. त्यांवर काय लिहिलेले असते, माणसे ते कसे वाचतात आणि वाचूनही शेजारच्याला का विचारतात, ते पाहायचे.

अंधेरी ते अंधेरी, दहिसरमार्गे

ही मेट्रो कागदावर एक नाही, दोन आहेत. पिवळी ‘२ अ’ पश्चिम उपनगरांतून लिंक रोडच्या बाजूने जाते आणि लाल ‘७’ द्रुतगती महामार्गावरून. दोन्ही दहिसर पूर्वेला भेटतात. दोन्ही मार्ग २० जानेवारी २०२३ पासून पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी खुले झाले आणि गाड्या दहिसरला न संपता या मार्गावरून त्या मार्गावर सरळ धावू लागल्या. सुमारे ३५ किलोमीटर, ३० स्थानके आणि नकाशावर घोड्याच्या नालासारखा आकार.

चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात शहाणपण आहे. दहिसरला गाडी उलटी फिरवायची नाही, प्रवाशांना उतरवून दुसऱ्या फलाटावर पाठवायचे नाही, चारकोपच्या एकाच कारशेडमधून दोन्ही मार्गांना गाड्या पुरवायच्या. बोरिवली पश्चिमेच्या माणसाला राष्ट्रीय उद्यानाच्या स्थानकावर जागेवरून न उठता जाता येते. आजवर पूर्व-पश्चिम करायचे म्हणजे रेल्वेचा पूल चढा, उतरा, रिक्षा शोधा, हे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांना याचे मोल कळेल.

पण पाटी वाचणाऱ्याचे काय? मालाड पश्चिमेच्या फलाटावर उभे राहिले की एका बाजूला ‘अंधेरी पश्चिम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुंदवली’ अशी गाडी येते. गुंदवली अंधेरीत आहे हे ठाऊक असलेला माणूसच इथे जास्त धोक्यात असतो. ज्याला काहीच माहीत नाही तो मुकाट ‘अंधेरी’ लिहिलेली गाडी पकडतो आणि वेळेत पोहोचतो. अर्धवट माहिती असलेला गुंदवलीच्या गाडीत बसला, की कांदिवली, बोरिवली, दहिसर पाहत शहराला वळसा घालून अंधेरीच्या दुसऱ्या टोकाला उतरतो.

आणि ही दोन टोके एकमेकांपासून लांबही नाहीत. २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो, म्हणजे मुंबईची पहिली मेट्रो, या दोन्ही टोकांना स्पर्श करून जाते. तिच्या डी. एन. नगर स्थानकात बसले की आझाद नगर, अंधेरी आणि मग पश्चिम द्रुतगती महामार्ग. तिसऱ्या स्थानकावर तुम्ही गुंदवलीला लागून उभे असता. नालाची दोन टोके एका आडव्या रेषेने जोडलेली आहेत, पण ते पिवळ्या किंवा लाल मार्गाच्या गाडीवरची पाटी सांगत नाही. तिच्या लेखी ती रेषा दुसऱ्याची आहे.

एका जागेला दोन नावे, दोन जागांना एक

हे ‘दुसऱ्याचे’ असणे स्थानकांच्या नावांत पुरेपूर उतरले आहे. पिवळ्या मार्गाचे अंधेरी पश्चिम स्थानक आणि पहिल्या मार्गाचे डी. एन. नगर स्थानक पुलाने जोडलेली आहेत. गाडी बदलायची ती इथेच. पण एकाचे नाव अंधेरी पश्चिम आणि दुसऱ्याचे डी. एन. नगर. दुसऱ्या टोकालाही तेच. लाल मार्गाचे गुंदवली आणि पहिल्या मार्गाचे पश्चिम द्रुतगती महामार्ग पुलाने जोडलेली, नावे मात्र वेगळी.

याच्या उलट, अंधेरी पश्चिम मेट्रो स्थानकात उतरून अंधेरीची लोकल पकडू म्हणाल तर पकडता येत नाही. रेल्वे स्थानकाला लागून आहे ते पहिल्या मार्गाचे ‘अंधेरी’. अंधेरी पश्चिमेच्या जिन्याखाली त्यामुळे नवखा माणूस बॅग घेऊन ‘स्टेशन कुठंय?’ विचारतो आणि रिक्षावाला ‘कुठलं?’ म्हणून उलट विचारतो. प्रश्न उद्धट वाटला तरी तो अगदी रास्त आहे.

भुयारी तिसऱ्या मेट्रोने यात भर घातली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि एका वर्षाने ती कफ परेडपर्यंत पोहोचली. तिच्या उत्तर टोकाचे नाव ‘आरे जेव्हीएलआर’. लाल मार्गावरही एक ‘आरे’ आहे, महामार्गावर. दोन्ही एक नव्हेत. ‘आरे स्टेशनला भेटू’ असे फोनवर ठरवणारे दोघे जण वेगवेगळ्या आऱ्यांवर उभे राहू शकतात.

असे का होते, याचे उत्तर नकाशात सापडत नाही, कार्यालयांच्या यादीत सापडते. पहिला मार्ग उभा राहिला तो खासगी भागीदारीतल्या कंपनीच्या हातून, २ अ आणि ७ चालवते महामुंबई मेट्रो, आणि तिसरा मार्ग मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनचा. प्रत्येकाने आपापल्या आखणीत, आपापल्या वेळी नावे ठेवली. प्रवासी मात्र तिघांच्या हद्दीतून एकाच सकाळी जातो.

कर्जतला एस, कसाऱ्याला एन

मेट्रो नवी आहे, तिचे गोंधळही नवे. जुने पाहायचे तर कल्याणला जावे. संध्याकाळी तिथे फलाटावर उभे राहिले की आजूबाजूची माणसे इंग्रजी अक्षरांत बोलत असतात. ‘एस गेली का?’ ‘मागून बीएल आहे.’ ‘ही टीएल, आपली नाही.’ बीएल म्हणजे बदलापूर, टीएल म्हणजे टिटवाळा, ए म्हणजे अंबरनाथ, एएन म्हणजे आसनगाव, केपी म्हणजे खोपोली. इथवर स्पेलिंगची थोडीफार साथ असते. मग येते एस. एस म्हणजे कर्जत. आणि एन म्हणजे कसारा.

कर्जतच्या स्पेलिंगमध्ये एस नाही, कसाऱ्याच्या स्पेलिंगमध्ये एन नाही. उलट एस आहे तो कसाऱ्याच्या स्पेलिंगमध्ये, म्हणजे तर्काने जाणारा नेमका चुकीच्या गाडीत चढणार. ही अक्षरे गावांची नाहीतच, ती दिशांची आहेत. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे जातो. रेल्वेच्या भाषेत तो दक्षिण-पूर्व मार्ग. दुसरा कसाऱ्यावरून थळघाट चढून इगतपुरी-नाशिककडे जातो. तो उत्तर-पूर्व मार्ग. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये. जीआयपी या जुन्या रेल्वे कंपनीच्या काळातली ही विभागणी. साउथचा एस आणि नॉर्थचा एन लोकलच्या कपाळावर अजून आहेत.

दुसरी अडचण ‘क’ची. कुर्ला, कल्याण, कर्जत, कसारा, खोपोली ही सगळी इंग्रजी के अक्षराने सुरू होणारी ठिकाणे एकाच रेल्वेवर आहेत. के कल्याणने घेतला. उरलेल्यांना दुसरे काहीतरी शोधावेच लागणार होते.

आता फलाटावरच्या इंडिकेटरवर पूर्ण नाव येते, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आळीपाळीने. गाडीतही नावाची घोषणा होते. तरी अक्षरे गेलेली नाहीत, कारण ती आता बोलीत शिरली आहेत. महिलांच्या डब्यात चौथ्या सीटसाठी सरकून घेताना पहिला प्रश्न ‘कुठं उतरणार?’ असतो आणि उत्तर ऐकून विचारणारी मनातल्या मनात हिशेब लावते. कर्जतच्या गाडीत ‘ठाणे’ असे उत्तर आले तर कपाळावर आठी पडते. इतक्या गाड्या असताना तुम्ही आमच्या गाडीत का, असा तो भाव असतो. पश्चिम रेल्वेवर विरारच्या गाडीत बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याची जी गत होते, तिचे हे मध्य रेल्वेवरचे भावंड. रेल्वेच्या नियमात कुठेही लिहिलेले नाही, की विरार गाडीत बोरिवलीच्या माणसाने चढू नये. पण पाटीवर ज्या गावाचे नाव, त्या गावाचा गाडीवर हक्क, हा कायदा प्रवाशांनीच केला आहे आणि दारातली माणसे तो राबवतात.

वेळ हेही नावच

इंडिकेटरवर गावाशेजारी वेळ असते. परगावचा माणूस ती वेळ म्हणून वाचतो आणि घड्याळाशी ताडून वैतागतो. रोजचा माणूस तिला नाव म्हणून वाचतो. ‘सात बावन्न’ आठ पाचला आली तरी ती सात बावन्नच असते. तिच्यातली माणसे ठरलेली, भजनी मंडळ ठरलेले, खिडकीचे वाटेकरी ठरलेले. आठ पाचची म्हणून जी आहे ती अजून मागे कुठेतरी आहे.

म्हणून गाड्या उशिरा धावतात त्या दिवशी इंडिकेटर वाचायला वेगळेच कसब लागते. पाटीवरची वेळ उलटून गेलेली, गाडी समोर, आणि ही नेमकी कोणती हे फक्त गाव, अक्षर, जलद की धीमी, बारा डब्यांची की पंधरा यांवरून ताडायचे. मुंबईकर हे दोन सेकंदांत करतो, कारण त्याच्या डोक्यात वेळापत्रक आधीपासून आहे. पाटी त्याला माहिती देत नाही. त्याला जे ठाऊक आहे त्यावर शिक्का मारते.

याच कसबातून ‘डाऊन करून येणे’ निघाले. गर्दीच्या वेळी बसायला जागा हवी, म्हणून माणसे दोन-तीन स्थानके उलट दिशेने जातात, गाडी टोकाला पोहोचली की न उतरता त्याच जागेवर बसून परततात. त्यासाठी येणारी गाडी पुढे कोण होणार हे ठाऊक असावे लागते. चर्चगेटला चारच फलाट. विरारहून आलेली गाडी काही मिनिटांत दुसरे नाव घेऊन निघते. ते नवे नाव पाटीवर उमटण्याआधीच आत बसलेल्यांना माहीत असते.

कुठे थांबणार नाही, ते सांगा

पाटीवर शेवटचे गाव असते. माणसाला बहुधा मधले हवे असते. विदर्भातून, मराठवाड्यातून टाटा किंवा केईएम रुग्णालयात पेशंट घेऊन येणाऱ्याला परळला उतरायचे असते. कल्याणला समोर सीएसएमटीची गाडी उभी, परळ सीएसएमटीच्या वाटेवर. तो चढतो. गाडी जलद असेल तर दादर सोडल्यावर परळ, करी रोड, चिंचपोकळी डोळ्यांसमोरून जातात आणि थांबते ती भायखळ्याला. इंडिकेटरवरच्या इंग्रजी ‘एफ’ आणि ‘एस’ या अक्षरांत ही सगळी कथा दडलेली असते. फास्टचा एफ, स्लोचा एस. आणि होय, हा एस कर्जतच्या एसहून निराळा.

फास्ट म्हणजे एकच प्रकार असता तरी निभावले असते. पण काही गाड्या अर्ध्या वाटेपर्यंत जलद आणि पुढे धीम्या. कल्याणच्या पुढे तर जलद गाडीही प्रत्येक स्थानकावर थांबते. त्यामुळे विठ्ठलवाडीचा माणूस बिनधास्त जलद गाडीत बसतो आणि परळचा माणूस बसला तर फसतो. गाडी तीच, पाटी तीच.

रविवारी या व्याख्याही ढिल्या होतात. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक हे मुंबईच्या रविवारचे जुने सोबती. धीम्या मार्गावर काम असले की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात. मग माटुंगा ते मुलुंड या टप्प्यात कांजूरमार्ग, नाहूर अशा स्थानकांवर धीमी गाडी थांबू शकत नाही, कारण तिथे जलद रुळांना फलाटच नाही. पाटीवर ‘स्लो’ लिहिलेली गाडी समोरून निघून जाते. सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असते, उद्घोषणाही होते. पण ज्या स्थानकावर ती थांबणार नाही तिथल्या माणसाला ती शनिवारीच कळायला हवी असते.

पाटी मार्ग सांगत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये आहे. १९१६ पासून जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. सुमारे सव्वा किलोमीटरचा अंधार, पलीकडे उजेड आणि मग डोंबिवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल कळवा-मुंब्रा बाजूच्या रुळांवर आल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. लाखो माणसांचा रोजचा रस्ता बदलला. इंडिकेटरवर एक अक्षरही बदलले नाही, कारण सुटायचे गाव तेच आणि पोहोचायचे गावही तेच.

फाट्यावर चुकलेली माणसे

चूक उघडी पडते ती फाट्यावर. सीएसएमटीला एक आणि दोन नंबरवरून हार्बरच्या गाड्या सुटतात. एक पनवेलची, पुढची गोरेगावची. दोन्ही वडाळ्यापर्यंत एकाच रुळावर, एकाच चालीने. वडाळ्यानंतर पनवेलची गाडी गुरू तेगबहादूर नगर, चुनाभट्टीवरून कुर्ल्याकडे जाते आणि गोरेगावची किंग्ज सर्कलवरून माहीमला जाऊन पश्चिम रेल्वेच्या बाजूला लागते. वांद्र्याला जाणारा माणूस पनवेल गाडीत असला, तर वडाळा ही त्याची शेवटची संधी. शिवडी गेली की डब्यात हमखास कुणीतरी शेजाऱ्याला विचारतो, ‘ही वांद्रे जाते ना?’ आणि तीन-चार जण एकदम ‘वडाळ्याला उतरा’ म्हणतात.

तिकडे वांद्रे, अंधेरी, गोरेगावला याचे प्रतिबिंब दिसते. एकाच स्थानकातून मुंबईकडे दोन गाड्या. एक चर्चगेटला, दुसरी सीएसएमटीला. स्थानक पश्चिम रेल्वेचे, गाडी मध्य रेल्वेची. ‘मुंबईला जाते ना?’ हा प्रश्न इथे पुरत नाही.

ठाण्याच्या नऊ आणि दहा नंबरवर ट्रान्सहार्बरच्या गाड्या लागतात. २००४ साली हा मार्ग सुरू झाला आणि ठाणे-नवी मुंबई अंतर अक्षरशः आटले. इथे फाटा तुर्भ्याला आहे. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. जुईनगर आणि सानपाडा शेजारी-शेजारी, पण ठाण्याहून येणाऱ्यासाठी दोन वेगळ्या गाड्यांतली गावे. उरणच्या मार्गावर, जो जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला, याची उलटी बाजू दिसते. उरणला जाणारी गाडी कधी नेरूळहून सुटते, कधी बेलापूरहून. येताना पनवेलकडे जाणाऱ्याला बेलापूरची सोयीची आणि वाशीकडे जाणाऱ्याला नेरूळची.

फाटा ही मुंबईचीच अडचण आहे असे नाही. दिल्ली मेट्रोची निळी मार्गिका यमुना बँक स्थानकाला फुटते. एक शाखा नोएडाकडे, दुसरी वैशालीकडे. लंडनच्या नॉर्दर्न मार्गिकेवर शहराच्या पोटात दोन समांतर वाटा आहेत, म्हणून तिथे गाडीच्या गावासोबत ‘बँकमार्गे’ की ‘चेरिंग क्रॉसमार्गे’ हेही लिहितात. ‘मार्गे’ हा शब्द आपल्या एसटीच्या पाटीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुणे–नाशिक गाडी संगमनेरमार्गे, हे वाचूनच माणूस चढतो. लोकलला आणि मेट्रोला तो शब्द अजून जड जातो.

दादरचा एक नंबर

‘दादरला एक नंबरला भेट’ असे म्हटले, की पूर्वी पुढचा प्रश्न ठरलेला असे. वेस्टर्नचा की सेंट्रलचा? पुलांनी जोडलेल्या एकाच स्थानकात एक नंबरचे दोन फलाट होते, दोन नंबरचे दोन, तीनचे दोन. बीबीसीआय आणि जीआयपी या दोन कंपन्यांचे दादर शेजारी-शेजारी उभे राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ ला त्यांच्या जागी पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे आल्या, तरी मोजदाद आपापलीच राहिली. पुलावर धावपळीत जिना चुकलेल्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.

९ डिसेंबर २०२३ ला हे बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. एक रूळ सरकला नाही, एक गाडी कमी-जास्त झाली नाही. बदलले ते पुलावरचे फलक आणि उद्घोषणा. सुरुवातीचे काही दिवस जुनी माणसे जुन्या आकड्यांवर अडली, नवख्यांना मात्र पहिल्या दिवसापासून सोपे झाले. हे करायला कोणतेही तंत्रज्ञान लागले नाही. दोन रेल्वेंनी मिळून सलग मोजायचे, एवढेच ठरवायचे होते.

दादरने एक गोष्ट दाखवून दिली. इतक्या पाट्या वाचल्यावर माझाही ग्रह तोच झाला. पाटीवरचा घोळ हा बहुधा पाटीवरचा नसतो. ज्याने ती लावली त्याची हद्द जिथे संपते, तिथे तो सुरू होतो. जीआयपीचे दोन घाट, दोन रेल्वेंची मोजदाद, तीन मेट्रोंची तीन कार्यालये. रोजचा माणूस या हद्दी पाठ करून टाकतो आणि मग त्याला त्या दिसेनाशा होतात, इतक्या की पाठ नसणाऱ्याला तो ‘नवीन आहे वाटतं’ म्हणून हसतो. पण इंडिकेटर पाठ असणाऱ्यांसाठी लावलेला नसतो. टाटाचा पेशंट, पहिल्या नोकरीचा मुलगा, लग्न होऊन आसनगावला आलेली मुलगी, त्यांच्यासाठी तो आहे. त्यांना शेवटचे गाव पुरत नाही. कोणत्या वाटेने आणि कुठे न थांबता, एवढे दोनच शब्द जास्त हवे असतात.

एसटीच्या कंडक्टरला जे पिढ्यान्‌पिढ्या जमते ते डिजिटल पाटीला न जमण्याचे कारण नाही. दादरला जमले, तर सुरुवात सोप्या कामापासून करावी. दोन आऱ्यांपैकी एकाला दुसरे नाव द्यावे. खर्च रंगाचाच आहे, फक्त डबा कोणत्या कार्यालयाने आणायचा, तेवढे ठरायचे आहे.